तळ्यातला देश

लहानपणी 'तळ्यात-मळ्यात' खेळला नाही असा मराठी माणूस विरळा. जमिनीवर एक रेघ ओढायची, अलीकडे मळा, पलीकडे तळे, आणि हुकूम सुटला की उडी मारायची. खेळाची सारी मौज त्या रेघेत आहे. युरोपच्या उत्तर टोकाला असा एक देश आहे, की तेथे ही रेघ कोठे ओढावी या विवंचनेत नकाशे काढणारे मेटाकुटीस आले असतील. मळा म्हणून पाऊल टाकावे तो तळे, आणि तळे म्हणून होडी हाकावी तो पुढे बेट! त्या देशाचे नाव फिनलंड. तेथील लोक त्याला 'सुओमी' म्हणतात.

बाहेरचे जग फिनलंडला 'हजार सरोवरांचा देश' म्हणते. सामान्यतः देशांना दिलेल्या अशा बिरुदांत अतिशयोक्ती असते. येथे मात्र उलटा प्रकार आहे. फिनलंडमधील तळी मोजण्यात आली, तेव्हा प्रथम तळे कशाला म्हणावे हेच ठरवावे लागले. पाचशे चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने जेमतेम पाच गुंठे पाणी असले तर ते तळे, असे ठरले. मोजदादीचा आकडा आला 1,87,888. मोठ्या मनाने पाच-दहा गुंठ्यांची डबकी सोडून दिली आणि अडीच एकरांच्या वरचीच धरली, तरी ती 56,000 भरतात. दहा चौरस किलोमीटरांहून मोठी अशी 309 आहेत. या देशाचा विस्तार महाराष्ट्राहून थोडा अधिक. लोकवस्ती मात्र साऱ्या देशाची मिळून सुमारे 56 लाख. म्हणजे दर तीस माणसांमागे एक तळे! आपल्याकडे तीस बिऱ्हाडांमागे एक नळ असलेल्या चाळी पुष्कळांनी पाहिल्या आहेत. त्यांना या हिशेबाचे मोल अधिक कळेल.

आपल्याला तळे म्हटले की ते कोणी तरी बांधलेले असते. राजाने, सावकाराने, नगरपालिकेने किंवा पाटबंधारे खात्याने. मराठीत 'तळे बांधणे' हा शब्दप्रयोगच आहे. त्यामुळे एवढी तळी तेथे आपोआप कशी झाली, हा प्रश्न मराठी मनाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर बर्फात आहे. फिनलंडचा खडक अतिप्राचीन. त्यातला काही भाग तर अडीच-तीन अब्ज वर्षांचा आहे. गेल्या हिमयुगात या खडकावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फाचा थर पसरलेला होता. बर्फ म्हणजे निश्चल असे आपण समजतो. पण एवढ्या जाडीचा बर्फ स्वतःच्या भाराने सरकतो. वायव्येकडून आग्नेयेकडे तो सरकत गेला आणि जाताना खडकाच्या भेगा खरवडून काढून त्याने त्यांच्या द्रोणी केल्या. फिनलंडचा नकाशा उघडून पाहा. बहुतेक मोठी तळी एकाच दिशेने लांबट पसरलेली दिसतील, जणू ओल्या मातीवरून कोणी फणी ओढली आहे. पुढे हवा तापू लागली आणि बर्फ मागे हटला. हटताना मध्येच काही शतके तो थबकला. तेथे त्याने वाळू-गोट्यांचे लांबच लांब बांध रचून ठेवले. दक्षिण फिनलंडला आडव्या गेलेल्या या टेकड्यांना 'साल्पाउसेल्का' म्हणतात. अडविणारा कणा, असा त्याचा भाव. त्यांच्यामागे पाणी तुंबले. तेव्हा, तेथली तळीही बांधलेलीच आहेत म्हणायची. फक्त बांधणारा पाटबंधारे खात्यातला नव्हता.

या सगळ्यांत वेगळ्या कुळीचे एक तळे आहे आणि ते आपल्याला जवळचे वाटावे. पश्चिमेकडच्या लाप्पायॅर्वी या तळ्याचा जन्म बर्फामुळे झालेला नाही. सुमारे पावणेआठ कोटी वर्षांपूर्वी तेथे आकाशातून अशनी कोसळला आणि वीस-बावीस किलोमीटर व्यासाचे विवर पडले. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार याच जातीचे. आकाराने ते फारच लहान, व्यास पावणेदोन किलोमीटरांच्या थोडा वर. पण दोघांची कहाणी विलक्षण सारखी आहे. दोन्ही ठिकाणी पंडितांची बराच काळ समजूत होती, की हे ज्वालामुखीचे काम. लाप्पायॅर्वीचे खरे गोत्र 1968 च्या सुमारास उजेडात आले आणि लोणारचे 1970 च्या दशकात. पृथ्वीच्या दोन टोकांची दोन भावंडे जवळजवळ एकाच वेळी ओळखू यावीत, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

पण फिनलंडच्या तळ्यांची खरी नवलकथा पुढेच आहे. बर्फ गेला, त्याला आता दहा हजार वर्षे झाली. परंतु त्याच्या ओझ्याने दबलेली जमीन अजून वर उठते आहे! गादीवरून माणूस उठला की गादी सावकाश फुगते, तसा हा प्रकार. वायव्य किनाऱ्यावर, जेथे हे ओझे फार होते, तेथे जमीन वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर चढते. आग्नेयेला हाच वेग दोन-तीन मिलिमीटरच आहे. वर्षाला आठ मिलिमीटर म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. शतकात ते पाऊण मीटरांहून अधिक भरतात. वासा नावाचे बंदराचे शहर 1852 साली जळाले. ते पुन्हा वसविताना समुद्राकडे सहा-सात किलोमीटर सरकवून वसविले. कारण तोपर्यंत समुद्रच जुन्या बंदराला सोडून दूर गेला होता. या किनाऱ्यावर आजही समुद्राच्या लहान लहान खाड्या जमीन वर आल्यामुळे समुद्रापासून तुटतात, त्यांचे पाणी हळूहळू गोडे होते आणि तळ्यांच्या यादीत नवी भर पडते. 1,87,888 हा आकडा पाठ करण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता असे पाहा. पाण्याने भरलेले ताट एका बाजूने उचलले तर काय होईल? पाणी दुसऱ्या काठाशी गोळा होईल आणि शेवटी तेथून सांडेल. नेमके हेच झाले. सायमा हे फिनलंडमधले सर्वांत मोठे तळे. सुमारे 4,400 चौरस किलोमीटर पाणी, त्यात जवळजवळ चौदा हजार बेटे आणि चौदा हजार किलोमीटरांच्या आसपास किनारा. त्याला एक तळे म्हणण्यापेक्षा तळ्यांचे एकत्र कुटुंब म्हणावे. पूर्वी त्याचे पाणी पश्चिमेकडे वाहून जाई. पश्चिम बाजू उचलली गेली, तिकडची वाट बंद झाली आणि पाणी आग्नेयेच्या बांधाशी शतकानुशतके चढत राहिले. सुमारे पावणेसहा हजार वर्षांपूर्वी एके दिवशी ते साल्पाउसेल्का फोडून बाहेर पडले. वुओक्सी नदीचा जन्म तो. इमात्रा येथला तिचा प्रपात इतका विख्यात होता, की 1772 साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन तो पाहावयास आली. 1920 च्या दशकात त्यावर वीजकेंद्र उभे राहिले. तेव्हापासून प्रपात कोरडा असतो आणि उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी दरवाजे उघडून प्रवाशांना तो 'दाखविण्यात' येतो. निसर्गाचेही वेळापत्रक लागले, दुसरे काय!

त्या फुटीला साक्षीदार होते. सायमाच्या काठी आस्तुवानसाल्मी म्हणून एक उभा कडा आहे. त्यावर तांबड्या मातीने काढलेली सत्तरएक चित्रे 1968 साली सापडली. सांबरासारखी जनावरे, होड्या, माणसे, एक धनुष्य धरलेली स्त्री. ही चित्रे आजच्या पाण्यापासून आठ ते अकरा मीटर उंचीवर आहेत. इतक्या उंचावर माणूस चढला कसा? तो चढलाच नव्हता. तो होडीत उभा होता, किंवा गोठलेल्या तळ्यावर उभा होता. तेव्हाचे पाणीच तेवढे उंच होते. चित्रकार गेला, पाणी उतरले, आणि चित्रांची उंची पाण्याची जुनी खूण सांगत राहिली.

जे निसर्गाने हजारो वर्षांत केले ते माणसाने एकदा चार दिवसांत केले, ती हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात फिनलंड हा गरीब शेतकऱ्यांचा देश होता. लोक वाढत होते, खडकाळ रानातून पीक निघत नव्हते, गुरांना गवत पुरत नव्हते. तळ्यांच्या तळाशी मात्र सुपीक गाळ. तेव्हा तळ्याला वाट काढून पाणी उतरवायचे आणि उघडी पडलेली जमीन वाटून घ्यायची, असा सपाटा सुरू झाला. शेकडो तळी अशी उतरविण्यात आली. पूर्वेकडच्या हॉयतियाइनेन या विशाल तळ्यालाही कालवा खणावयास घेतला. पाणी बेताबेताने सोडावे म्हणून तोंडाशी बांध व दरवाजे होते. पण कालवा जात होता वाळूच्या टेकडीतून. 1859 च्या उन्हाळ्यात पाण्याने त्या वाळूत आपली वाट आपणच करून घेतली. बांध गेला, दरवाजे गेले, आणि सारे तळे कालव्यातून खालच्या तळ्याकडे लोटले. पूर ओसरला तेव्हा हॉयतियाइनेनचे पाणी साडेनऊ मीटर खाली गेले होते. 170 चौरस किलोमीटर, म्हणजे बेचाळीस हजार एकर तळ उघडा पडला होता. काल ज्यांच्या अंगणाशी होडी लागत होती त्यांच्यापुढे नजर पोहोचेल तेथवर चिखल! वाहून गेलेल्या वाळूचा खालच्या तळ्यात एक त्रिभुज प्रदेश तयार झाला, तो आजही आहे.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही आपली म्हण. त्या शेतकऱ्यांनी तळे राखले नाही, पाणी चाखले नाही, तळ मात्र चाखला. त्यांना नावे ठेवण्याचा धीर मला होत नाही. कारण त्यानंतर आठच वर्षांनी काय झाले ते पाहावे. 1867 साली वसंत ऋतू आलाच नाही. मे संपला, जून उजाडला, तरी तळ्यांवरचे बर्फ वितळेना. पेरण्या रखडल्या, उगवले ते सप्टेंबरच्या हिवाने करपले. लोकांनी झाडाच्या सालीचे पीठ भाकरीत मिसळले. अठरा लाखांच्या त्या देशात त्या दुष्काळाने दीड लाखाच्या आसपास बळी घेतले. बर्फ महिनाभर उशिरा वितळले, एवढेच निमित्त.

त्या भाषेकडे मी वळलो नाही तर माझे विद्यार्थी मला ओळखणार नाहीत. फिनिश भाषेचा आपल्या भाषाकुळाशी संबंध नाही. ती आर्यही नव्हे आणि युरोपातल्या बहुतेक भाषांची बहीणही नव्हे. आणि तरी तिच्यात घरच्यासारखे काही भेटते. तळे म्हणजे 'यॅर्वी'. तळ्यात म्हणजे 'यॅर्वेस्सॅ', तळ्यातून 'यॅर्वेस्तॅ', तळ्यावर 'यॅर्वेल्लॅ', तळ्यावरून 'यॅर्वेल्तॅ'. इंग्रजीत नामाच्या आधी सुटा शब्द लावावा लागतो. फिनिशमध्ये आपल्यासारखा प्रत्यय नामाच्या शेवटी चिकटतो. इतकेच नव्हे, प्रत्यय लागण्यापूर्वी 'यॅर्वी'चे 'यॅर्वे' होते, जसे 'तळे'चे 'तळ्या' होते. सामान्यरूप शिकवताना पुढे माना डोलावणाऱ्या आणि मनातून कंटाळणाऱ्या वर्गाला हे उदाहरण द्यावे, असे मला वाटते. तळ्याच्या उघड्या, विस्तीर्ण पाण्याला फिनिश माणूस 'सेल्का' म्हणतो. साल्पाउसेल्कातला कणा तोच, कारण या शब्दाचा मूळ अर्थ पाठ. आडनावे घ्या: यॅर्विनेन तळ्यावरून, सारिनेन बेटावरून, कोस्किनेन प्रपातावरून, लाहतिनेन खाडीवरून, विर्तानेन प्रवाहावरून. आपले आडनाव गाव सांगते, त्यांचे पाणी सांगते.

आणि पाण्याशी त्यांचा व्यवहारही आडनावाइतकाच घरगुती. पाच लाखांवर उन्हाळी झोपड्या, त्यांतल्या पुष्कळशा तळ्याकाठी; झोपडीशेजारी लाकडी खोलीत तापल्या दगडांवर पाणी ओतून घाम काढावयाचा 'साउना'; तेथून निघून थेट तळ्यात उडी. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून त्यात उडी! (हे वाचून ज्यांना हुडहुडी भरली त्यांनी चहा मागवावा.) गळ टाकून मासे धरण्यास तेथे कोणाची परवानगी लागत नाही, धनिकाच्या मालकीच्या पाण्यावरही होडी हाकण्याचा हक्क सर्वांना आहे. राजधानी हेलसिंकी पाणी पिते ते पॅइयॅन्ने या तळ्याचे. खडकातून खोदलेल्या 120 किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून ते आपल्याच उताराने येते. 1972 ते 1982, दहा वर्षे हा बोगदा खणीत होते.

सारेच निर्मळ आहे असे मात्र नाही. कागदाच्या कारखान्यांनी कित्येक तळ्यांना काळे केले होते. लाहती शहराने आपले सांडपाणी वर्षानुवर्षे वेसीयॅर्वी या तळ्यात सोडले. 1976 साली ते बंद केले, तरी दरवर्षी उन्हाळ्यात पाण्यावर हिरवट शेवाळाची साय धरेच. अभ्यासकांनी शोध घेतला, तो दोष माशांकडे निघाला! एका जातीचे लहान मासे बेसुमार माजले होते. पाण्यातल्या ज्या सूक्ष्म जीवांनी शेवाळ खावे त्यांनाच ते फस्त करीत. मग 1989 ते 1993 या पाच वर्षांत जाळी लावून हजार टनांहून अधिक मासे काढण्यात आले आणि पाणी निवळले. पुढे त्यात चढउतार होत राहिले, हेही खरे. हॉयतियाइनेनला जे चार दिवसांत झाले त्याच्या उलट काही करावयाचे तर वर्षे मोजावी लागतात.

सध्या सर्वांत मोठी काळजी आहे ती बर्फाची, आणि तीही 1867 च्या उलट. कल्लावेसी या तळ्यावर बर्फ कधी धरले याची नोंद 1833 पासून ठेवलेली आहे. अशा जुन्या वह्यांतून स्पष्ट दिसते, की बर्फ उशिरा धरते आहे आणि लवकर वितळते आहे. पिएलिनेन तळ्यावर हिवाळ्यात सात किलोमीटरांचा सरकारी बर्फरस्ता करतात, मोटारी त्यावरून धावतात. उबदार हिवाळ्यांत तो रस्ता उघडताच येत नाही.

माणसाला दुसरा रस्ता असतो. सायमातल्या नॉर्प्पाला तो नाही. नॉर्प्पा ही सीलची एक जात. सील हा समुद्राचा प्राणी; पण साडेनऊ हजार वर्षांमागे जमीन उचलली गेली तेव्हा काही सील सायमात अडकले आणि गोड्या पाण्याचे रहिवासी झाले. जगात अन्यत्र कोठेही ही जात नाही. मासे खातो म्हणून कोळी त्याला मारीत. मारणाऱ्याला बक्षीस मिळे. 1955 साली कायद्याने त्याला अभय दिले. तरी मासेमारीच्या जाळ्यांत गुंतून पिले मरत राहिली, आणि 1980 च्या दशकात जेमतेम दीडशे नॉर्प्पा उरले होते. वसंतात, पिले पोहू लागतात त्या काळात, जाळी टाकण्यावर बंदी आली. संख्या हळूहळू चढत आता चारशेच्या वर गेली आहे. कोळ्यांची कुरकुर झाली नाही असे नाही. ज्यांचे पोट जाळ्यावर, त्यांना ती बंदी जाचली. प्रत्येक नॉर्प्पाच्या अंगावरची वलये निराळी असतात, बोटांच्या ठशांसारखी. छायाचित्रांवरून अभ्यासक एकेकाला ओळखतात.

या मादीची वीण फेब्रुवारी-मार्चमध्ये. किनाऱ्यालगत बर्फावर वाऱ्याने साचलेल्या हिमाच्या ढिगात ती खालून, पाण्यातून, शिरते. आत गुहा कोरते आणि तेथे चार-पाच किलोंचे एक पिलू घालते. ढीग नसेल तर पिलू उघड्यावर पडते; थंडी आणि कोल्हा, दोघेही टपलेले असतात. अलीकडच्या कित्येक हिवाळ्यांत सायमावर पुरेसे हिमच पडलेले नाही. म्हणून 2014 सालापासून, हिम कमी पडले की, जानेवारीच्या अखेरीस काठाकाठाच्या गावांतले लोक फावडी घेऊन गोठलेल्या तळ्यावर उतरतात. शिक्षक, पेन्शनर, विद्यार्थी, कोळीही. असेल नसेल ते हिम ओढून आणतात आणि किनाऱ्याच्या आडोशाला सात-आठ मीटर लांबीचा, मीटरभर उंचीचा ढीग रचून चोपून घट्ट करतात. मग सर्वांनी तेथून निघून जावयाचे असते. माणसाची चाहूल लागली तर मादी येत नाही. वसंतात बर्फ वितळू लागले, की अभ्यासक एकेका ढिगापाशी जातात आणि आत गुहा कोरलेली आहे का, पिलाचे केस पडलेले आहेत का, हे पाहतात. कित्येक ढिगांत ते सापडतात.